मोटरवाल्या फोकस रेलवर स्टॅकमध्ये पट्टे येताहेत. कंट्रोलर चुकतोय की मी?

सोंडकिडा

मंडळी, तीन आठवडे झाले, एकाच सोंडकिड्याच्या थोबाडावर अडकून पडले आहे. त्याचा स्टॅक करतेय, म्हणजे फोकस थोडा थोडा सरकवत पुष्कळ फोटो काढायचे आणि ते जोडून एकच सगळीकडे स्पष्ट फोटो बनवायचा. आता त्यालाही माझा कंटाळा आला असेल.

मांडणी अशी: १६० मि.मी. ट्यूब लांबीचं १०एक्स ऑब्जेक्टिव्ह, एनए (उजेड गोळा करायची क्षमता) ०.२५, बेलोजवर (घडीच्या भात्यावर) लावलेलं. मागे २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी मिररलेस. कॅमेरा जागेवर पक्का, नमुना रेलवर बसून पुढे सरकतो. रेल मीच जुळवलेली आहे. नेमा १७ मोटर, १.८ अंशाची, म्हणजे फेऱ्याला २०० पूर्ण पावलं. टी८ स्क्रू, लीड (एका फेऱ्यात सरकणारं अंतर) २ मि.मी. (आधी चुकून ८ मि.मी. लीडचा स्क्रू आला होता. वरवर पाहता दोन्ही सारखेच दिसतात, पण तो चौपट पळायचा. माझा पहिला आठवडा त्याच्यावर खर्ची पडला.) ए४९८८ ड्रायव्हर (मोटरला करंट देणारा बोर्ड), १६ मायक्रोस्टेपवर, म्हणजे एका पूर्ण पावलाचे १६ बारीक तुकडे. कंट्रोलर म्हणजे आर्डुइनो नॅनो, चार बटणं आणि एक इवलासा ओलेड पडदा. कोड माझाच, त्यामुळे शिव्या घालायच्या तर मलाच घाला.

हिशेब: २ मि.मी. भागिले २०० म्हणजे पूर्ण पाऊल १० मायक्रॉनचं, आणि मायक्रोस्टेप ०.६२५ मायक्रॉनचा. मी सरक ५ मायक्रॉन ठेवली आहे, म्हणजे बरोबर ८ मायक्रोस्टेप. खोली १.२ मि.मी., फ्रेम २४१.

आता दुखणं. झेरीनमध्ये (फोटो जोडायचं सॉफ्टवेअर) स्टॅक केला की सोंडेच्या गुळगुळीत उतारावर स्पष्ट, धूसर, स्पष्ट, धूसर असे पट्टे दिसतात. त्याच्या पीमॅक्स पद्धतीने केलं तरी, डीमॅपने केलं तरी. नकाशावर समोच्च रेषा काढल्यासारखं दिसतं. मला वाटलं सरक जास्त होतेय, म्हणून २.५ मायक्रॉन केली. फ्रेम दुप्पट झाल्या, रात्र गेली, आणि पट्टे जिथल्या तिथे. अंतरसुद्धा तेवढंच!

एकूण अंतर मात्र बरोबर भरतं. १.२ मि.मी. सांगितलं तर १.२ मि.मी.च जातं, ते मी स्लाइडच्या जाडीवरून तपासलं. मोटर फार तापते आणि सारखी गुणगुणते, म्हणून प्रत्येक सरकीनंतर इनेबल (ड्रायव्हरची चालू-बंद करायची जोडणी) बंद करून करंट तोडते. त्याने कंपनही थांबतं. मग २ सेकंद थांबून शटर. उजेड दोन एलईडी पॅनलचा, कागदातून गाळलेला.

आणखी एक किरकिर: २४१ फ्रेम सांगितल्या तर कार्डावर कधी २३८ येतात, कधी २३९.

चुकतंय कुठे?

---

रात्रपाळी

आधी सरकीवरचा संशय काढून टाकू. या ताकदीला फोकसची जाडी ढोबळमानाने तरंगलांबी भागिले एनएचा वर्ग एवढी असते. हिरवा उजेड ०.५५ मायक्रॉन, एनएचा वर्ग ०.०६२५. उत्तर ८.८ मायक्रॉन. तुम्ही ५ ने सरकताय, म्हणजे दोन फ्रेममध्ये चाळीसेक टक्के भाग सामाईक. भरपूर झालं. २.५ करणं म्हणजे कार्ड आणि रात्र दोन्ही वाया.

माझा संशय कंपनावर आहे. शटरचा पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक ठेवलाय का? नसेल तर आधी तो करा, १०एक्सला यांत्रिक पडद्याचा धक्का स्पष्ट दिसतो. जमलं तर एलईडी सोडून फ्लॅशवर या. फ्लॅश १/३२ किंवा त्याहून कमी शक्तीवर ठेवला की त्याचा झोत इतका आखूड असतो की टेबल हललं तरी फ्रेमला कळत नाही. मी रात्री दोनला शूट करतो ते हौसेने नाही, दिवसा वरच्या मजल्यावर मुलं पळतात म्हणून.

तपासायचं असेल तर मोटर एकदा हलवा आणि १ सेकंदाने, ३ सेकंदांनी, १० सेकंदांनी असे तीन फोटो त्याच जागी काढा. तिन्ही सारखे आले तर कंपन निर्दोष.

एक शंका लगेच मिटवून टाका. पट्टे किड्याच्या उतारानुसार वळतात की फोटोच्या चौकटीला समांतर सरळ जातात? सरळ असतील तर तो एलईडीचा लुकलुकाट आहे आणि इलेक्ट्रॉनिक शटर तो पकडतंय. मग रेलचा काही संबंधच नाही.

---

सोंडकिडा

पट्टे उताराबरोबर वळतात, सोंडेला गुंडाळल्यासारखे. पहिला पडदा इलेक्ट्रॉनिकच आहे. तीन फोटोंची परीक्षा आत्ता केली: तिन्ही सारखे. म्हणजे कंपन नाही ना?

---

आटेवाले_काका

रात्रपाळी, तुमचं गणित चोख आहे, पण रोग दुसराच आहे. आणि ताई, रोगाचं नाव तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंत आणि त्याला ओलांडून पुढे गेलात.

सरक निम्मी केली तरी पट्ट्यांमधलं अंतर बदललं नाही. बरोबर? मग ते अंतर तुमचा कोड ठरवत नाहीये. कोडला न विचारता रेलमध्ये काहीतरी आपल्या मनाने पावलं टाकतंय. अशी एकच गोष्ट तिथे आहे, आणि तिचं पाऊल १० मायक्रॉनचं आहे. मोटर.

एक काम करा. सगळी वीज बंद करून मोटरचा दांडा नुसत्या बोटांनी फिरवा. टक, टक, टक असे खळगे लागतील. आतल्या रोटरला पन्नास दात असतात आणि तो स्वतः चुंबक असतो. कॉइलमध्ये करंट नसला तरी त्याच्या आवडत्या जागा असतात, फेऱ्याला बरोबर २००. मायक्रोस्टेप ही त्याची आवडती जागा नव्हे. दोन कॉइल दोन बाजूंनी कमीजास्त जोर लावून त्याला दोन खळग्यांच्या मधे धरून ठेवतात. करंट तोडला की धरणारं कोणी उरत नाही आणि तो जवळच्या खळग्यात घसरतो. तुमच्या स्क्रूवर दोन खळग्यांमधलं अंतर १० मायक्रॉन.

आणि तुम्ही शटर नेमकं कधी दाबताय? करंट तोडल्यावर!

म्हणजे कोड म्हणतो ५, १०, १५, २०. फोटो निघतात ० वर किंवा १० वर, मग १० वर, मग १० किंवा २० वर. सरक २.५ केलीत तर तोच फोटो चारदा निघेल, दुसरं काही नाही. फोकसची जाडी ८.८ आणि उडी १०ची, त्यामुळे प्रत्येक उडीत एक पातळ थर कोणत्याच फ्रेममध्ये नीट येत नाही. तो तुमचा धूसर पट्टा.

एकूण अंतर बरोबर का येतं, हेही सांगतो, कारण त्यानेच तुम्हाला चकवलं. इनेबल बंद असलं तरी ए४९८८ आपली मोजणी विसरत नाही. पुन्हा चालू केलंत की तो रोटरला ओढून जिथे असायला हवा तिथे नेतो आणि मग पुढचं पाऊल टाकतो. चूक साठत नाही. फक्त फोटो काढायच्या वेळी असते, नंतर पुसली जाते. असा चोर पकडायला अवघड.

मी तेहेतीस वर्षं लेथवर काढली. नव्या पोराला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायचो: हँडलवरचा आकडा हँडलचा असतो, टूलचा नाही. टूल कुठे आहे ते टूलला डायल लावून बघ. तुमच्या ओलेड पडद्यावरचा आकडाही हँडलचाच आहे.

डायल लावूनच बघा म्हणतो, पण साधी डायल शतांश मिलिमीटरची, म्हणजे १० मायक्रॉनची. ती इथे आंधळी आहे. माझ्याकडे मायक्रॉनची आहे, तुमच्याकडे नसेल, म्हणून दुसरा उपाय. पत्र्याची बोटभर पट्टी घ्या, बारीक काचपेपरने एकाच दिशेने घासा, म्हणजे तिच्यावर असंख्य ओरखडे उमटतील. ती नमुन्याच्या जागी लावा, पण थोडी तिरकी: २५ मि.मी. लांबीत एक टोक ५ मि.मी. वर. आता फ्रेममध्ये ओरखड्यांचा एक अरुंद पट्टाच स्पष्ट दिसेल, आणि नमुना पुढे सरकला की तो पट्टा बाजूला चालायला लागेल. चढ एकास पाच असल्यामुळे ५ मायक्रॉनची सरक साधारण २५ मायक्रॉन बाजूला दिसते, १०एक्सला सेन्सरवर पाव मिलिमीटर. तुमच्या २४ मेगापिक्सेलवर साठेक पिक्सेल. हे मोजायला डायल लागत नाही, डोळे पुरतात.

वीस फ्रेम करंट तोडून काढा, वीस करंट चालू ठेवून. मग बोलू.

---

अर्धा_दाब

काकांचं निदान पटलं. मी फक्त त्या हरवलेल्या तीन फ्रेमबद्दल बोलतो.

शटरची वायर कशी जोडली आहे? बऱ्याच कॅमेऱ्यांत तीन तारा असतात: सामाईक, अर्धा दाब, पूर्ण दाब. पुष्कळ जण फक्त पूर्ण दाबाची तार जोडतात. कॅमेरा जागा असेल तर चालतं. पण मधेच डुलकी लागली असेल तर पहिल्या दाबाने तो नुसता जागा होतो, फोटो काढत नाही. फ्रेम गेली, आणि कंट्रोलरला पत्ताही नाही.

आधी अर्धा दाब, ३०० मिलिसेकंद थांबा, मग अर्धा धरूनच पूर्ण दाब २०० मिलिसेकंद. दोन्ही तारांना वेगवेगळा ऑप्टोकपलर लावा, पीसी८१७ चालतो. कॅमेऱ्याचा ग्राउंड मोटरच्या ग्राउंडला भिडवू नका. ऑटोफोकस बंद हवं, नाहीतर अर्ध्या दाबाला कॅमेरा कसला तरी शोध घेत बसेल. आपोआप बंद होण्याची वेळ मेनूतून काढून टाका. बॅटरीच्या जागी डमी बॅटरी टाकून अडॅप्टरवर चालवा. अडीचशे फ्रेमच्या मधे बॅटरी बदलायला हात लावलात की तो स्टॅक गेलाच समजा.

---

सोंडकिडा

काका, मी खुर्चीतून उठून घरभर एक चक्कर मारून आले.

करंट तोडून: पट्टा जागेवर, मग १२५ पिक्सेलची उडी, पुन्हा जागेवर, पुन्हा उडी. मधे एकदा लागोपाठ तीन फ्रेम सारख्या आल्या. करंट चालू ठेवून: ६१, ६४, ५८, ६६, ६२... वीसच्या वीस पावलं अशी.

तीन आठवडे मी किड्याला, लेन्सला, झेरीनला आणि एकदा तर टेबलाला दोष दिला. आणि ती इनेबलची ओळ मीच, मोठ्या हुशारीने, नंतर घातली होती.

फ्रेमचा घोटाळाही सापडला: फक्त पूर्ण दाबाचीच तार होती. अर्धा_दाब, तुमचं नाव उगाच नाही.

पण आता नवं भूत. इनेबल सतत चालू ठेवून पूर्ण स्टॅक काढला, पट्टे गेले. मग रेल सुरुवातीला परत आणली, तर सुरुवातीचा फोकस तिथे नाही! तिरक्या पट्टीवर मोजलं, १४ मायक्रॉनचा फरक. पावलं हरवताहेत का? आणि मोटरवर बोट ठेववत नाही, इतकी तापली आहे.

---

आटेवाले_काका

उत्तर दुसऱ्या प्रश्नातच आहे. करंट किती ठेवलाय?

---

सोंडकिडा

मोटरवर १.५ अँपिअर लिहिलंय. मी १.२ ठेवलाय. व्हीरेफ (ड्रायव्हरवर करंट ठरवणारा व्होल्टेज) ०.९६ व्होल्ट.

---

आटेवाले_काका

म्हणजे बोर्डावरचे रोधक आर१०० लिहिलेले असणार. त्यांना व्हीरेफ म्हणजे करंटच्या ०.८ पट, हिशेब जुळतो. (इतर कोणी हे वाचून स्क्रू फिरवणार असेल तर आधी भिंगाने ते दोन रोधक वाचा. आर०५० असतील तर पट ०.४. त्याच व्हीरेफला दुप्पट करंट जाईल.)

१.२ कशाला हवाय? तुमच्या रेलवर काय, एक मेलेला किडा आणि एक टाचणी. ओझं नाहीच. ०.५ अँपिअर करा, व्हीरेफ ०.४ व्होल्ट. कॉइलमधली उष्णता करंटच्या वर्गाने बदलते, म्हणजे जवळजवळ सहाव्या हिश्शावर येईल. हे करताना मोटरची वायर चालू करंटवर काढू नका. काढलीत तर ड्रायव्हर तिथेच राम म्हणतो. मी दोन घालवले, दुसरा तर पहिल्याचं दुःख ताजं असताना.

आता १४ मायक्रॉन. मोटर ज्या अॅल्युमिनियमच्या पाटावर बसवली आहे त्याला हात लावा, कोमट असेल. अॅल्युमिनियम मीटरला एका अंशाला २३ मायक्रॉन वाढतं. मोटरपासून नमुन्यापर्यंत समजा ८० मि.मी. आणि ८ अंश वाढले, तर झाले १४.७. पोलादाचा स्क्रू याच्या निम्म्याने वाढतो, पण वाढतोच. पावलं हरवलेली नाहीत ताई, रेल मोठी झाली आहे.

आणि इथे घाबरून जाऊ नका. प्रत्यक्ष स्टॅकवर याचा परिणाम नगण्य आहे. १४ मायक्रॉन २४० फ्रेममध्ये वाटले तर फ्रेममागे ०.०६. कोणाला दिसणार? घात होतो तो सुरुवात आणि शेवट थंड रेलवर ठरवता आणि स्टॅक गरम रेलवर काढता तेव्हा. मग केसांची पहिली टोकं किंवा शेवटची कड सुटते. म्हणून करंट चालू करून अर्धा तास रेल तशीच सोडा. लेथही सकाळी आल्या आल्या मापाचं काम देत नाही, आधी थोडा रिकामा फिरवावा लागतो. गरम होऊन स्थिर झाल्यावर टोकं ठरवा. दोन्ही बाजूंना पाच-दहा फ्रेम जास्त घ्या, फुकट असतात.

ते १४ सगळे उष्णतेचे नसतीलही. परत आणताना कोणत्या दिशेने आणलीत? टी८च्या पितळी नटात प्ले (आट्यांमधली थोडी मोकळी जागा) असतो. मागे येताना आटे दुसऱ्या अंगाला टेकतात. नियम एकच: जागा कुठलीही असो, तिच्याकडे नेहमी एकाच बाजूने जायचं. सुरुवातीला परतताना २०० मायक्रॉन आणखी मागे जा, मग पुढे येऊन थांबा. हे कोडमध्येच घाला, हाताने लक्षात राहत नाही. स्प्रिंगचा दुहेरी नट मिळाला तर लावा, पण तो लावला म्हणून हा नियम मोडू नका. मांडणी उभी केलीत तर वजनानेच नट एका अंगाला दाबून राहतो, तो वेगळा फायदा.

---

गुळगुळीत_गुंडी

काका, थोडा वाद घालतो. ५८ ते ६६ पिक्सेल हे तुम्ही फार सहज घेतलंत. मायक्रोस्टेप ही मुळात मोटरला घातलेली विनवणी आहे. १/१६ला एका मायक्रोस्टेपमागे जो जोर मिळतो तो मोटरच्या पूर्ण धरण्याच्या जोराच्या जेमतेम दहा टक्के. नटाचं घर्षण त्याहून जास्त असेल तर रोटर हलतच नाही. दोन-तीन सरकी साठल्या की एकदम हलतो. त्यात तुम्ही करंटही कमी करायला सांगताय.

माझ्याकडे जुन्या सूक्ष्मदर्शकाचा फोकस ब्लॉक आहे, बारीक फोकसची गुंडी फेऱ्याला २०० मायक्रॉन. दातेरी पट्ट्याने मोटर एकास एक जोडली आहे. पूर्ण पाऊल १ मायक्रॉन. मायक्रोस्टेपच्या भरवशावर जगत नाही. वर घसरपट्टी इतकी मऊ की प्ले शोधावा लागतो. टी८ स्क्रू त्रिमितीय प्रिंटरसाठी चांगला आहे, सूक्ष्म छायाचित्रणासाठी नाही.

---

आटेवाले_काका

गुंडीवाले, तुमचं म्हणणं खरं आहे आणि माझ्याकडे असा ब्लॉक असता तर मीही तेच केलं असतं. पण ताई ८ मायक्रोस्टेप एकदम टाकताहेत, एक नाही. तिथे जोर दहा टक्के नाही, सत्तरच्या घरात जातो. रोटर घर्षणामुळे थोडा मागे राहतो हे खरं, पण एकाच दिशेने जात असेल तर दर वेळी जवळजवळ तेवढाच मागे राहतो. उरलेला चढउतार म्हणजे तुम्ही म्हणता ते ५८ ते ६६. मायक्रॉनमध्ये करा: ४.६ ते ५.३. मर्यादा ८.८. मला झोप लागेल.

२०एक्सला गेलात, एनए ०.४० धरा, तर जाडी ३.४ मायक्रॉनवर येते. तेव्हा सरक २च्या आत हवी, म्हणजे तीन मायक्रोस्टेप. तिथे माझा मुद्दा संपतो, तुमचा सुरू होतो. ताई, २०एक्स घ्यायच्या आधी ब्लॉक घ्या.

कमी करंटबद्दल: तो भीत भीत कमी करायचा. ०.५ला तिरक्या पट्टीवर वीस फ्रेम काढा. अंतर ओबडधोबड झालं तर ०.६, मग ०.७. पट्टी खोटं बोलत नाही.

---

रात्रपाळी

मीही माझी चूक कबूल करतो, सगळ्या दुखण्यांना कंपन म्हणायची सवय लागली आहे.

ज्यांना ड्रायव्हर बदलायचाच असेल त्यांनी टीएमसी२२०९ बघा. मोटर थांबली की तो स्वतःच करंट उतरवतो, पण पूर्ण तोडत नाही, म्हणजे ताई जे करू पाहत होत्या त्याचीच सुज्ञ आवृत्ती. आणि गुणगुण जवळजवळ ऐकूच येत नाही. ज्यांना सोल्डरिंगच नको त्यांनी तयार रेल घ्यावी, स्टॅकशॉट किंवा वीमॅक्रो यांसारखी. पण सरक किती ठेवायची, टोकं कधी ठरवायची हे तिथेही तुम्हालाच ठरवावं लागतं, यंत्र विचारतं आणि तुमच्या तोंडाकडे बघत बसतं.

---

सोंडकिडा

हिशेब देते.

०.५ अँपिअरला पट्टीवरची अंतरं ४९ ते ७४ अशी विखुरली. ०.६५ला ५७ ते ६७. तिथेच ठेवलं. मोटर आता फक्त उबदार आहे, बोट आरामात ठेवता येतं. चाळीस मिनिटं तापू दिली, मग टोकं ठरवली. परत येताना २०० मायक्रॉन मागे जाऊन पुढे येणं कोडमध्ये घातलं. स्टॅक संपल्यावर सुरुवातीला परतले तर फरक ३ मायक्रॉनच्या आत.

नटावर आधी मी जाड ग्रीस थापलं होतं, ते पुसून पातळ तेलाचा एक थेंब सोडला. त्याने किती फरक पडला ते वेगळं मोजलं नाही, दोन्ही एकदम केलं. काका रागावतील.

क्रम आता असा: सरक, २ सेकंद थांबा, अर्धा दाब, पूर्ण दाब, १ सेकंद थांबा, पुन्हा सरक. करंट पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत चालू. चार सेकंदांच्या आसपास एक फ्रेम, सव्वासोळा मिनिटांत काम झालं. कार्डावर २६१ फ्रेम, सांगितल्याही तेवढ्याच (दहा-दहा जास्तीच्या धरून). पीमॅक्सने खवल्यांच्या कडा सुटून आल्या, गुळगुळीत उताराला डीमॅप बरा वाटला, मग दोन्ही एकमेकांवर ठेवून थोडं रिटच केलं.

पट्टे नाहीत. आणि सोंडेच्या मुळाशी जो डाग मी तीन आठवडे धूळ समजून रिटचमध्ये पुसत होते, त्याला पाय आहेत. आठ. माइट आहे तो, सोंडकिड्याच्या मानेला चिकटून बसलेला.

एकच प्रश्न उरला. तो ८ मि.मी. लीडचा स्क्रू आता काय करू? कुंडीतल्या वेलाला आधार म्हणून लावणार होते.

---

आटेवाले_काका

तेल आणि करंट एकदम बदललंत, रागावलो.

स्क्रू वेलाला देऊ नका. कधीतरी साध्या मॅक्रो लेन्सने एकास एकला आख्खं फुलपाखरू घ्यावंसं वाटेल. एफ ५.६ला तिथे फोकसची जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास असते, सरक ०.२ मि.मी. पुरते. ८ मि.मी. लीडला पूर्ण पाऊल ४० मायक्रॉनचं, म्हणजे ०.२ मि.मी. बरोबर पाच पूर्ण पावलांत. मायक्रोस्टेपची भानगडच नाही. शिवाय तिथे रोटर अर्धं पाऊल इकडेतिकडे घसरला तरी २० मायक्रॉन, कोणी विचारणार नाही. हवं तर करंट तोडून फोटो काढा. तुमची ती इनेबलची ओळ तिथे चालेल.